वऱ्हाडांतील घराचा ओटा

घराचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे बहुधा भिंती, छप्पर आणि दरवाजे ह्यांचेंच वर्णन होतें. वाड्याची दिंडी, दारावरची गणेशपट्टी, माजघर, देवघर, परसांतील विहीर ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. घराच्या दर्शनी भिंतीला लागून असलेला ओटा मात्र बहुतेक वर्णनांत एका शब्दांत आटोपतो. तो पुरता घरांत मोडत नाहीं व पुरता रस्त्यांतहि मोडत नाहीं, म्हणून त्याची दखल घेणें कोणाच्याच वांट्याला येत नाहीं. परंतु वऱ्हाडांत घर बांधणाऱ्या जुन्या गवंड्याला विचारावें, घराचा कोणता भाग आधीं फुटतो, तर तो ओट्याकडे बोट दाखवील. गांवचा व्यवहार पूर्वीं कोठें चाले असें एखाद्या वृद्धाला विचारावें, तर तोहि ओट्याकडेच बोट दाखवील. जो भाग सर्वांच्या उपयोगीं पडतो आणि सर्वांत आधीं मोडतो, त्याचा इतिहास पाहणें अगत्याचें आहे. तो पाहिला म्हणजे परतवाड्यासारख्या गांवीं आज नव्यानें होणारे फरसबंद ओटे थोड्याच पावसाळ्यांत भिंतीपासून कां सुटतात, ह्याचाहि उलगडा होतो.

प्रथम शब्द निश्चित केलेले बरे. जमिनीच्या वर, ज्याच्या आधारावर घराच्या भिंती उभ्या राहतात, तें जोतें. त्याच जोत्यावर, मुख्य छपराखालीं, पुढची बाजू मोकळी ठेवून केलेली जागा ती ओसरी. मुख्य छपराला पुढें उतरतें छप्पर जोडून जी जागा मिळते ती पडवी. वऱ्हाडांत तिला छपरी असेंहि म्हणतात. झाडाभोवतीं बांधतात तो पार. आणि घराच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीला लागून, आंत मुरूम किंवा माती भरून, कडेला दगड लावून, वरून सारवून अथवा फरशी बसवून जो उंचवटा करतात, तो ओटा. ह्या सर्वांत एक भेद महत्त्वाचा आहे. जोत्यावर घराचा भार असतो, म्हणून त्याखालीं पाया खणावा लागतो. ओट्यावर बसणाऱ्या चार माणसांखेरीज दुसरा भार नसतो. म्हणून त्याला पाया लागत नाहीं असें पुष्कळांस वाटतें. पुढच्या साऱ्या अडचणींचें मूळ ह्या समजुतींत आहे.

ह्या समजुतीचा परिणाम इतर प्रांतांपेक्षां वऱ्हाडांत अधिक जाचक होतो, कारण येथील जमीनच निराळी आहे. वऱ्हाडच्या कोणत्याहि जुन्या खेड्याची भूमि दोन नांवांनीं ओळखली जाते. जिच्यांत पीक येतें ती काळी आणि जिच्यावर वस्ती बसते ती पांढरी. काळी ही काळ्या कातळाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, झिजेपासून झालेली माती आहे. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज विपुल असतें. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असून त्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते आणि पाणी उडून गेलें कीं ती आकसते. वैशाखांत तिला पडलेल्या भेगांत गुराचा पाय अडकतो. आषाढांत तीच भूमि फुगून वर येते. कपाशीला ही माती मानवते, कारण तिच्या पोटांत ओल दीर्घकाळ टिकते. घराला मात्र ती मानवत नाहीं. दरवर्षीं एकदां वर उचलणाऱ्या आणि एकदां खालीं सोडणाऱ्या जमिनीवर भिंत स्थिर राहणें कठीण.

पांढरीचा प्रकार वेगळा आहे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख आणि वस्तीचा इतर गाळसाळ साठून गांवठाणाची ही करड्या-पांढुरक्या रंगाची माती तयार झाली. ती काळीइतकी फुगत नाहीं व तितकी फाटतहि नाहीं. पांढरीची जागा भोंवतालच्या शेतांपेक्षां किंचित् उंच असल्यामुळें पावसाचें पाणी तेथें तुंबून राहत नाहीं. भिंतींचे रद्देहि तिच्याच मातीचे घालीत आणि धाब्याच्या छपरावरहि तीच पसरीत. पिकाला काळी आणि घराला पांढरी, हा शहाणपणा कोणत्याहि प्रयोगशाळेच्या आधींचा आहे. गांव वाढून घरें पांढरीच्या बाहेर काळीवर जाऊं लागलीं, तेव्हांपासून भिंतींना तडे जाण्याची तक्रार वाढत गेली.

ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून जाणारा तो सखल प्रदेश खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील जमिनींत व विहिरींच्या पाण्यांत क्षार आहेत. ओलीबरोबर ते भिंतींत वर चढतात, पाणी उडालें कीं पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसतात आणि भिंतीचे पोपडे निघूं लागतात. ह्यालाच लोणा लागणें असें म्हणतात. शिवाय दर्यापूरच्या बाजूस गाळाचा थर इतका खोल आहे कीं दगड दुरून आणावा लागतो. उलट परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशीं, सापन आणि बिच्छन ह्या नद्यांच्या परिसरांत वसलेलें असल्यामुळें तेथें काळा दगड, मुरूम आणि मेळघाटचें सागवान ह्यांची वाण नव्हती. एकाच जिल्ह्यांत दक्षिणेकडे मातीचे आणि उत्तरेकडे दगडी कडेचे ओटे दिसावे, ह्याचें कारण हेंच.

ओटा ह्या शब्दाला वऱ्हाडांत केवळ घरगुती अर्थ नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें क्षेत्र. श्रीगोविंदप्रभु तेथें राहिले आणि तेथेंच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या लीळा जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. ज्या ज्या ठिकाणीं ह्या महापुरुषांनीं आसन केलें, निद्रा केली किंवा कोणाशीं संवाद केला, त्या त्या जागीं पंथाच्या अनुयायांनीं ओटे बांधले व त्यांस नमस्कार करण्याची परंपरा ठेवली. चौदाव्या शतकांतील स्थानपोथींत अशा स्थानांची नोंद गांववार आणि दिशावार केलेली आहे. त्या वाङ्मयांत पटिशाळ, आंगण, चौक असे घराच्या अंगोपांगांचे शब्द वारंवार येतात. त्यावरून सातशें वर्षांपूर्वीं ह्या प्रांतांतील माणसाचा बराचसा दिवस घराच्या ह्याच बाहेरच्या भागांत जात असे, हें उघड होतें. देवळाची उंच जगती किंवा राजाचें सिंहासन जें सांगतें, तेंच महानुभावांच्या साध्या ओट्यानें सांगितलें: ही जागा आदराची आहे, हिच्यावरून पाय देऊन जाऊं नये. मूर्तीऐवजीं बसण्याच्या जागेलाच स्मारक मानणारी ही कल्पना ओट्यावर बसणाऱ्या समाजांत जन्मावी, हें स्वाभाविक होय.

देवळांच्या बांधणींत ही उंचवट्याची कला पुष्कळ पुढें गेली होती. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें दैत्यसूदन मंदिर अशाच उंच पीठावर उभें आहे. परंतु दगडाला दगड घासून बसवण्याचें सामर्थ्य देवळापुरतें व राजवाड्यापुरतें होतें. तें शहराच्या बांधकामांत उतरण्यास राजधानीचा आश्रय लागला. बहामनी सुलतान अहमदशहा वली ह्यानें १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधून बळकट केला. १४९० मध्यें फतेउल्ला इमाद-उल्-मुल्क स्वतंत्र झाला आणि एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, इमादशाहीची राजधानी झालें. १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशाहीनें तें राज्य घेतलें, तरी शहराचें महत्त्व पुढेंहि टिकलें. अचलपूरजवळ हौद कटोरा नांवाची अष्टकोनी, कमानींची इमारत तलावाच्या मध्यभागीं उभी आहे. सभोंवतीं पाणी असतां पाया कसा राखावा, हें त्या काळच्या कारागिरांस उत्तम अवगत होतें, ह्याची ती साक्ष देते.

त्या कारागिरांच्या हातीं असलेलें मुख्य साधन म्हणजे चुना. जमिनींत सांपडणारे चुनखडीचे खडे भट्टींत भाजून, विरवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळून तो तयार होई. चुना सावकाश घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावरहि थोडी हालचाल सोसतो. जमीन किंचित् हलली तर चुन्याच्या सांध्यांत बारीक चीर पडते, दगड फुटत नाहीं. वाड्यांच्या दर्शनी बाजूला घडीव दगडाची कड, आंत मुरुमाची भर आणि वर चुन्यांत बसवलेली फरशी, अशी जी ओट्याची रीत पडली, तिचें बळ ह्या सोशिक सांध्यांत होतें.

सामान्य कुणब्याच्या घरीं चुन्याचा खर्च परवडत नसे. त्याचा ओटा असा होई. घराच्या भिंती उभ्या राहून एक-दोन पावसाळे गेले, जमीन बसली, म्हणजे ओट्याचें काम काढीत. वरची काळी माती खरवडून टाकीत. कडेला गोटे किंवा ओबडधोबड दगड लावून आंत मुरूम घालीत. तो एकदम न भरतां थराथरानें भरीत, प्रत्येक थरावर पाणी शिंपीत आणि धुमसानें चोपीत. वर पांढरीचा थर देऊन शेणानें सारवीत. ओट्याची पातळी उंबरठ्याच्या खालींच ठेवीत आणि पृष्ठभागास अंगणाकडे किंचित् उतार देत. छपराच्या वळचणीचें पाणी ओट्यावर न पडतां त्याच्या कडेपलीकडे पडावें, इतकें छप्पर पुढें काढीत. खांब असल्यास तो थेट मातींत न रोवतां दगडी तळखड्यावर उभा करीत, म्हणजे त्याला ओल किंवा वाळवी लागत नसे.

ह्या ओट्याला उन्हाळ्यांत भिंतीलगत चीर पडेच. पण सणावारीं सारवण होई, त्या वेळीं घरची स्त्री ती चीर माती-शेणानें बुजवून टाकी. पहिल्या पावसाच्या आंत ती बुजली म्हणजे पाणी भिंतीच्या पायाशीं उतरत नसे. जमिनीच्या हालचालीवर त्या काळीं शोधलेला उपाय हा असा नित्याच्या निगेचा होता. बांधणारा गवंडी एकदांच येई. ओटा टिकवणारी बाई मात्र आयुष्यभर टिकवी. इतिहासांत तिच्या श्रमाची नोंद नाहीं, परंतु मातीचीं घरें दोन-दोन पिढ्या उभीं राहिलीं त्यांत तो श्रम मोठा आहे.

ह्याच स्त्रीला त्या ओट्यावर बसण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्न विचारल्यावांचून ओट्याचा इतिहास पुरा होत नाहीं. दुपारीं पुरुष शेतावर गेले म्हणजे ओट्यावर कुरडया वाळत, डाळ निवडली जाई, गोधडी शिवली जाई. संध्याकाळीं पुरुष येऊन बसले कीं ती आंत जाई. पाटलाच्या ओट्यावर गांवचा न्याय होई, तेथें कोण वर बसेल, कोण पायरीवर बसेल आणि कोण खालीं धुळींत उभा राहील, हें जातीवरून ठरलेलें असे. गांवाची राखण करणारा वेसकर महार भाकरी मागावयास येई तो ओट्याखालूनच. फूट-दीड फुटाचा तो उंचवटा ओलांडण्यास कोणतीहि भिंत आड नव्हती; तरी तो कित्येक शतकें ओलांडला गेला नाहीं. पाणी बाहेर राखण्यासाठीं बांधलेल्या वस्तूनें माणसेंहि बाहेर राखलीं, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं.

ह्या उंचवट्याला धक्का देणारी चळवळ वऱ्हाडांतहि झाली. १९२७ सालीं अमरावतीच्या अंबादेवी मंदिरांत अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाचा उपक्रम झाला व त्यासंबंधीं भरलेल्या परिषदेचें अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं स्वीकारलें. देवळाच्या पायरीचा प्रश्न आणि घराच्या ओट्याचा प्रश्न मुळांत एकच होता. ह्याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ मध्यें जन्मलेले गाडगे महाराज गांवांत शिरतांच खराटा हातीं घेत आणि रस्ते झाडीत. अंगण आणि रस्ता स्वच्छ ठेवणें हें हलकें काम मानून एका जातीवर ढकलणाऱ्या समाजास तो खराटा हेंच उत्तर होतें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेंतहि (१९५५) ग्रामशुद्धि आणि ग्रामआरोग्य ह्यांचा विस्तारानें विचार आहे.

आतां परतवाड्याकडे वळूं. १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीनें गाविलगड घेतला. पुढें हैदराबाद कंटिन्जंट ह्या फौजेच्या खर्चासाठीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आला. ह्याच फौजेची छावणी एलिचपूर शहरापासून सुमारें दोन मैलांवर होती, तीच परतवाडा. १९०३ मध्यें कंटिन्जंट हिंदी सैन्यांत विलीन झाली आणि १९०५ मध्यें एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतींत घातला गेला. छावणी उठली, पण तिनें घराचा एक निराळा नमुना मागें ठेवला. तो म्हणजे बंगला.

बंगल्याची कल्पना मूळची बंगालच्या खेड्यांतील घराची, हें त्याच्या नांवावरूनच समजतें. उंच जोतें आणि त्यावर चहूंकडून रुंद व्हरांडा, ही त्याची मुख्य लक्षणें. इंग्रज अधिकाऱ्याला व्हरांडा हवा होता तो सावलीसाठीं आणि वाऱ्यासाठीं. परंतु त्यापासून घराला आणखी एक लाभ झाला, तो काळ्या जमिनीच्या प्रदेशांत फार मोलाचा आहे. भिंतीच्या चारी बाजूंस कित्येक फूट रुंदीची जमीन झांकली गेल्यामुळें पायाजवळची ओल वर्षभर जवळजवळ सारखी राहूं लागली. तेथें ऊन थेट पडत नसल्यामुळें माती फारशी आकसत नाहीं, आणि पाऊस थेट पडत नसल्यामुळें ती फारशी फुगत नाहीं. आधुनिक स्थापत्यशास्त्रहि काळ्या मातींत घराभोवतीं फरसबंद पट्टा ठेवण्याचा सल्ला देतें, तो ह्याच तत्त्वावर. म्हणजे गांवच्या ओट्याचें खरें शास्त्रीय प्रयोजन बंगल्याच्या व्हरांड्यानें अधिक स्पष्ट करून दाखवलें. ओटा हा केवळ बसण्याचा उंचवटा नसून भिंतीच्या पायाचें पांघरूण आहे. तें नीट घातलें तर पाया शांत राहतो. वेडेंवांकडें घातलें तर पाणी अडवून तें पायांतच सोडतें.

छावणीच्या काळांतच वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारांत गेला. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें तेथील कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ मध्यें बडनेऱ्यावरून लोहमार्ग नागपुरास पोंचला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारा अरुंद लोहमार्ग झाला. लोक त्यालाच शकुंतला म्हणूं लागले. पैसा आला आणि आगगाडीनें दूरचा दगडहि आणला. गुलबर्ग्याजवळच्या शहाबाद येथील चुनखडकाच्या करड्या लाद्या सपाट, स्वस्त आणि बसवण्यास सोप्या होत्या. त्या आल्या आणि व्यापाऱ्याच्या दुकानापुढील सारवलेला ओटा फरशीचा झाला. फरशी हा शब्दच मुळीं अरबी फर्श ह्यावरून आलेला. वस्तु मात्र आतां रेल्वेच्या डब्यांतून येऊं लागली. ओट्यावर धान्याचीं पोतीं उतरूं लागलीं, मुनीम बसूं लागले, सौदे ठरूं लागले. सारवणाचा त्रास गेला आणि त्याबरोबर दरवर्षीं चीर बुजवण्याची संवयहि गेली.

पाठोपाठ सिमेंट आलें. १९१४ मध्यें पोरबंदरास सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू तें खेड्यापर्यंत पोंचलें. सिमेंट चुन्यापेक्षां फार मजबूत, पण ताठर. जमीन हलली कीं तें वाकत नाहीं, तुटतें. चुन्याच्या ओट्यांत जेथें दहा बारीक चिरा पडत, तेथें सिमेंटच्या ओट्यांत एक मोठी भेग पडते, आणि ती नेमकी भिंतीच्या कडेला. कारण घराचा पाया खोल असल्यामुळें तो जागेवर राहतो आणि पाया नसलेला ओटा ऋतूबरोबर वर-खालीं होतो. दोघांना सिमेंटनें जखडलें तर एकानें दुसऱ्याला ओढावें किंवा दोघांनीं तुटावें, ह्यांखेरीज तिसरा मार्ग नाहीं. घरांचे पाये काळ्या मातींत कसे टिकवावे ह्यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें तळाशीं फुगीर अशा खुंट्यांच्या पायाची पद्धत विकसित केली. तीमुळें घर सांवरतें. परंतु बाहेरच्या ओट्याकडे तेवढ्या काळजीनें पाहणारे थोडे.

अलीकडे ओट्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याची चाल पडली आहे. सिमेंटच्या ह्या छोट्या ठोकळ्यांसाठीं भारतीय मानक १५६५८ हें २००६ मध्यें प्रसिद्ध झालें. जेथें वाहन येत नाहीं अशा जागेसाठीं त्यानें किमान ५० मिलिमीटर जाडी सांगितली. वाळूच्या थरावर मोकळे बसवलेले हे ठोकळे वऱ्हाडच्या जमिनीस वस्तुतः अनुकूल आहेत. जमीन हलली तर ठोकळा फुटत नाहीं, सरकतो. खचलेला भाग उचलून, खालीं वाळू घालून पुन्हा बसवतां येतो. जुन्या सारवणाचा गुण, म्हणजे दुरुस्तीची सोय, त्यांत परत आला आहे. तरीहि हे ओटे बिघडतात, ह्याचा दोष ठोकळ्यांकडे नाहीं; खालची जी विद्या पूर्वीं प्रत्येक गवंड्यास ठाऊक होती ती सुटली, ह्याकडे आहे.

उदाहरणार्थ, २० फूट लांब, १० फूट रुंद आणि दीड फूट उंच असा ओटा घ्यावा. त्याचें घनफळ ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. ठोकळे आणि वाळू ह्यांची जाडी वजा केली तरी बहुतेक सारी भर मुरुमाचीच राहते. ती भर खणलेल्या काळ्या मातीनें केली तर खर्च वांचतो आणि ओटा बुडतो, कारण ओट्याच्या पोटांतच फुगणारी माती घातल्यासारखें होतें. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून, प्रत्येक थर चोपून भरावा. एकदम ओतलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यांत खालीं बसतो. त्याखालची काळी माती आधीं काढून टाकावी. कडेची भिंत स्वतःच्या पायावर उभी करावी आणि तिच्यांत पाणी बाहेर जाण्यास भोंकें ठेवावींत. नाहींतर आंत मुरलेलें पाणी कडेला ढकलून पाडतें.

त्यानंतर उतार. दर चार फुटांस एक इंच हें माप पुरेसें आहे. १० फूट रुंदीच्या ओट्यास भिंतीकडून बाहेरच्या कडेपर्यंत अडीच इंच उतार येतो. एवढा उतार डोळ्यांस दिसत नाहीं, पाण्यास मात्र समजतो. भिंतीशीं ओटा जखडूं नये. मध्यें अरुंद सांधा ठेवून तो लवचिक पदार्थानें भरावा आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस तपासावा. ओट्याचा पृष्ठभाग घराच्या आंतील जमिनीपेक्षां किमान सहा इंच खालीं असावा. जोत्यावर ओल अडवण्यासाठीं जो थर घातलेला असतो, तो ओट्याच्या भरावाखालीं गाडला गेला तर जमिनींतील ओल त्याला वळसा घालून थेट भिंतींत चढते, आणि खारपाणपट्ट्यांत तिच्याबरोबर लोणाहि चढतो.

ह्या शेवटच्या नियमाचा भंग आज सर्वांत अधिक होतो, आणि तो नेहमींच घरमालकाच्या हातून होतो असेंहि नाहीं. शहरांतील रस्ते दुरुस्तीच्या वेळीं खरवडले न जातां त्यांवर थरावर थर चढतात. रस्ता वर येतो, घर तेथेंच राहतें. जें घर बांधलें तेव्हां दोन पायऱ्या वर होतें, तें हळूहळू रस्त्याच्या पातळीस येतें. मग पाणी आंत येऊं नये म्हणून मालक ओटा उंच करतो. तो उंबरठ्यास भिडतो आणि पावसाचें पाणी रस्त्यावरून नव्हे तर ओट्यावरूनच घरांत वळतें. त्यांत कित्येकांनीं ओट्याला कठडा आणि लोखंडी जाळी लावून तो बंद केलेला असतो. त्यामुळें पाण्याची बाहेर जाण्याची वाट बुजते आणि वाटसरूची बसण्याची जागाहि जाते.

जुना ओटा सर्वांगीं चांगला होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. त्याच्यावर बसणाऱ्यांनीं पुष्कळांस खालीं उभें केलें, तो भाग गेला तें योग्यच झालें. मात्र त्याच्या बांधणींतील दोन गोष्टी टाकण्यासारख्या नव्हत्या: घराहून खालीं राहणें आणि बाहेरच्या बाजूस उतरणें. आज परतवाड्यास किंवा दर्यापुरास जो कोणी नवा ओटा बांधील, त्यानें ठोकळ्याचा रंग निवडण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या: खालीं काळी माती उरली आहे काय, मुरूम थराथरानें चोपला आहे काय, उंबरठा मोकळा आहे काय, आणि एक तांब्या पाणी भिंतीशीं ओतलें तर तें अंगणाकडे जातें काय. तें अंगणाकडे गेलें तरच फरशी घालावी. आणि ओटा पुरा झाला म्हणजे त्यावर घरच्या स्त्रियांना, शेजाऱ्यांना व दारीं येणाऱ्या कोणासहि सारख्याच मोकळेपणानें बसतां यावें, इतकी जागा उघडी ठेवावी.